रॉकमधून आलेला छोटा खेकडा: ओळखायचा कसा आणि काढायचा कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीनशे लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या टाकीत, महिन्याभरापूर्वी नवीन रॉक (जीवजंतूंसकट येणारा समुद्री दगड) आणि पोसिलोपोरा या फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळाची एक वसाहत घातली. आता रात्री रॉकच्या भोकात दीडेक सेंटीमीटरचा, तपकिरी, केसाळ, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसतो. पोसिलोपोराच्या फांद्यांमध्ये दुसरा एक बसलेला आहे, छोटा, गुळगुळीत, लालसर ठिपक्यांचा. दरम्यान दोन ट्रोकस गोगलगायी मेल्या. हे दोघे कोण, आणि दोघांनाही काढायचं का?

पोसिलोपोरातल्याला हात लावू नका. वर्णनावरून तो ट्रॅपेझिया आहे असं जवळजवळ नक्की म्हणता येतं आणि तो त्या प्रवाळाचा राखणदार आहे. रॉकमधल्याचा निकाल मात्र ‘केसाळ आणि काळ्या नांग्या’ एवढ्यावर देता येणार नाही. या दोन खुणांवर विसंबून हौशी लोक निरुपद्रवी खेकडे मारतात आणि उपद्रवी खेकडे सांभाळत बसतात. कोकणच्या खडकांवर भरभरून सापडणारा लेप्टोडियस आणि हिंदी महासागरातल्या मेलेल्या प्रवाळांत हमखास असणारा क्लोरोडिएला, दोघांचीही बोटं काळपट असतात आणि दोघांचाही बराचसा वेळ शैवाल खरवडण्यात जातो. उलट वल्ह्यासारख्या पायांचे पोहणारे खेकडे गुळगुळीत, देखणे असतात आणि रात्रीत मासा धरतात.

म्हणून रंग आणि केस बाजूला ठेवा आणि चार गोष्टी बघा: नांगीच्या बोटांची टोकं, शेवटचे पाय, पाठीच्या कवचाचा आकार आणि तो राहतो कुठे.

हे बघायचं कसं, ते आधी. टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा. लाल उजेडात बहुतेक खेकडे लगेच पळत नाहीत. फोटो काढताना पाण्याचे पंप पाच मिनिटं बंद ठेवा, फ्लॅश बंद करा, फोनची लेन्स काचेला सरळ टेकवा. तिरकी धरलीत की जाड काचेतून चित्र फाटतं. मापासाठी जवळ फ्रॅग प्लग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा (फ्रॅग) चिकटवायची छोटी बैठक, ठेवा. त्याचं डोकं साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर असतं, प्लग एकदा पट्टीने मोजून घ्या. तरीही सर्वांत चांगला नमुना फोटो नसून कात आहे. खेकडा वाढताना कवच टाकतो आणि ते सकाळी वाळूवर मेलेल्या खेकड्यासारखं पडलेलं दिसतं. चिमट्याने उचला. पाठ आणि पोट यांच्यामध्ये मागच्या बाजूला फट उघडलेली असेल आणि आतून पोकळ असेल तर ती कात, खेकडा जिवंत आहे. आरओ पाण्यात धुऊन पांढऱ्या बशीत ठेवा आणि दहापट भिंगाखाली बघा. बोटं, पाय, कवचाच्या कडेचे दात असं सगळं निवांत मोजता येतं.

आता नांगी. प्रत्येक नांगीला दोन बोटं असतात, एक हलणारं आणि एक स्थिर. त्यांची टोकं खोलगट, चमच्यासारखी असतील आणि मिटल्यावर कडा एकमेकींवर बसत असतील, तर ते खडकावरचं शैवाल खरवडण्याचं हत्यार आहे. मिथ्रॅक्युलस, क्लोरोडिएला, लेप्टोडियस यांची नांगी अशी असते. टोकं अणकुचीदार असतील आणि बोटांच्या आत धारदार दात दिसत असतील, तर पकडून फाडणं हे त्याचं काम. आणि एक नांगी दुसरीपेक्षा ठळकपणे जाड असेल, तिच्या आत बोटांच्या मुळाशी दाढेसारखा गोल उंचवटा असेल, तर ती शंख फोडायची नांगी. दोन्ही नांग्या बघा. तुटलेली नांगी पुन्हा उगवते तेव्हा एक-दोन कातींपर्यंत ती लहान आणि किरकोळ असते, तिच्यावरून फसायला होतं. चमचा-नांगी म्हणजे शुद्ध शाकाहारी असंही समजू नका. बहुतेक खेकडे मिळेल ते खातात. हत्यार बघून एवढंच कळतं की भूक लागल्यावर तो आधी कुठे वळेल.

तुमच्या मेलेल्या गोगलगायींचे शंख फेकले नसतील तर तेही बघा. तोंडाची कडा तुकड्यातुकड्यांनी सोललेली, खाचा पडलेली असेल तर खेकड्यावर संशय घ्यायला जागा आहे. शंख अखंड आणि रिकामा असेल तर गोगलगाय बहुधा दुसऱ्याच कारणाने मेली. नव्या टाकीत ट्रोकस उपाशी मरतात, किंवा दुकानातल्या आणि घरच्या पाण्याच्या क्षारतेत फरक असताना घाईने सोडल्यामुळे मरतात. मेलेलं मांस खायला खेकडा येतोच आणि मग खून त्याच्या नावावर लागतो.

शेवटच्या पायांची खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत भरवशाची. मासळीबाजारातली चिंबोरी किंवा तीन ठिपक्यांचा खेकडा आठवा. शेवटच्या जोडीच्या पायाचं टोक चपटं, वल्ह्याच्या पात्यासारखं असतं. तसं पातं सेंटीमीटरभराच्या खेकड्याला दिसलं तर तो पोहणाऱ्या कुळातला, थॅलॅमिटा किंवा कॅरिब्डिस. त्याला त्याच आठवड्यात काढा. आज बोटाच्या पेराएवढा आहे, पण वाढतो भराभर. अपवाद लिसोकार्सिनसचा. कुळ तेच असलं तरी त्याच्या जाती समुद्रकाकडीवर किंवा समुद्रफुलावर मुक्काम करून राहतात, तांबूस-पांढऱ्या नक्षीच्या असतात आणि यजमानाला सोडून फारशा हिंडत नाहीत. त्यांना राहू द्या.

पाय मोजताना नांग्या सोडून चारऐवजी तीनच जोड्या दिसल्या आणि डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने लांबलचक मिशा निघालेल्या असल्या, तर तो पोर्सेलीन खेकडा. चौथी जोडी बारीक होऊन पाठीखाली दुमडलेली असते. हा तोंडाजवळचे पिसांचे पंखे पाण्यात फिरवून कण गाळून खातो. नांग्या मोठ्या दिसतात, पण त्या जागेसाठीच्या भांडणांत वापरायच्या. धरायला गेलात तर नांगी सोडून पळतो, म्हणून धरूच नका.

पाठीचं कवच कुठलं, हे कळलं की घराणं कळतं. गोलसर-षटकोनी, कडेला दात, जाड नांग्या: झँथिडी हे कुळ (त्यातले ते झँथिड) आणि त्यांचे भाऊबंद. यातच सगळा गोंधळ आहे, त्यावर पुढे येतो. पुढे निमुळतं होऊन चोच आलेलं आणि अंगावर स्पंज, शैवाल, पॉलिपचे (प्रवाळाच्या फुलासारख्या जिवांचे) तुकडे अडकवलेलं असेल तर ते नटवे खेकडे. कॅम्पोसिया रेटुसा हा त्यांतला दुकानांत दिसणारा. दिसायला गमतीचा, पण सजावटीचा माल तो तुमच्याच झोअँथिडमधून (बटणांसारख्या पॉलिपच्या वसाहतींमधून) आणि नरम प्रवाळांतून कापून आणतो, त्यामुळे रीफ टाकीत ठेवू नये. चपटं, तबकडीसारखं कवच, लांब पाय, पिवळे पट्टे आणि काचेवर सरसर धावणं म्हणजे पर्क्नॉन. लहान असेपर्यंत शैवाल खातो, मोठा झाल्यावर झोपलेल्या लहान माशांवर हात टाकतो. चौकोनी कवच, डोळे थेट पुढच्या कोपऱ्यांत, आणि पाण्याबाहेर काचेवर चढून बसायची सवय असेल तर तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला मेटोपोग्रॅप्सस. त्याला टाकीत करमत नाही. झाकण उघडं राहिलं तर तो सकाळी सोफ्याखाली सापडेल.

आता चौथी खूण, मुक्काम. प्रवाळाच्या फांद्यांमध्येच राहणारे खेकडे हा वेगळाच विषय आहे आणि इथे चूक महागात पडते.

पोसिलोपोरा आणि त्याच्या जवळची स्टायलोफोरा व सेरिॲटोपोरा ही प्रवाळं, यांत ट्रॅपेझिया राहतो. कवच गुळगुळीत, चकचकीत, पुढून रुंद आणि मागे निमुळतं, कडेला मध्यावर एक छोटा दात, नांग्या रुंद. सहसा नर-मादीची जोडी एका वसाहतीत असते. रंग जातीप्रमाणे बदलतात: पांढऱ्यावर लाल ठिपके, केशरी, तपकिरी जाळी. तुमचा ठिपक्यांचा असल्याने ट्रॅपेझिया रुफोपंक्टाटाच्या जवळचा असावा, पण ठेवायचं की काढायचं हे ठरवायला जातीपर्यंत जायची गरज नाही. प्रवाळाचा चिकट स्राव आणि त्यात अडकलेले कण हे त्याचं अन्न. बदल्यात तो फांद्यांमधला गाळ झाडतो आणि काटेरी मुकुटाचा तारामासा प्रवाळ खायला आला की त्याच्या नळीपायांना चिमटे काढून परतवतो. प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावरच्या प्रयोगांत असे खेकडे काढून टाकलेल्या प्रवाळांवर गाळ साचला आणि त्यांची हानी वाढली. टाकीत तारामासा येणार नाही, पण गाळ तर असतोच.

अडचण येते ती लहान फ्रॅगमध्ये. तीन-चार सेंटीमीटरच्या तुकड्यावर पूर्ण वाढलेली जोडी बसली तर तिच्या वावराने पॉलिप दिवसभर मिटलेले राहतात. तेव्हा खेकडा मारू नका, एका खेकड्याला मोठ्या वसाहतीत हलवा. आणि पोसिलोपोराचं मांस बुंध्यापासून सोलून निघत असेल तर आधी अल्कलिनिटी मोजा. ती दोन दिवसांत एक-दीड डीकेएचने (अल्कलिनिटी मोजायचं एकक) हलली असेल तर खेकड्याची चौकशी करण्यात अर्थ नाही.

ॲक्रोपोरा या दुसऱ्या फांद्यांच्या प्रवाळात असाच पण आणखी लहान टेट्रालिया असतो, बहुधा सेंटीमीटरच्या आत. गुळगुळीत, कडेला दात नाही, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. तोही ठेवायचा. ॲक्रोपोरात ज्याच्यावर खरी नजर ठेवायची तो सायमो: गोल, मळकट पांढरा, पाठीवर दाणे आणि बारीक लव, हालचाल मंद. सायमो मेलॅनोडॅक्टिलसची बोटं काळी असतात, पण सायमो अँड्रिओसीची फिकट असतात, म्हणजे इथेही काळ्या बोटांची खूण अपुरी पडते. गुळगुळीत की दाणेदार, एवढं बघितलंत तर राखणदार आणि सायमो वेगळे होतात. सायमो प्रवाळाचं मांस कुरतडतो, म्हणून टाकीत ठेवू नये. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. पांढरा पट्टा सरकत मरणाऱ्या ॲक्रोपोरावर सायमो गोळा होतात आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं आढळलं की खेकडे काढून टाकलेल्या वसाहतींमध्ये तो पट्टा उलट जास्त वेगाने सरकला. तेव्हा बुंध्याशी पांढरं पडलं आणि तिथे सायमो सापडला, तर खेकडा काढून थांबू नका. पट्टा वाढतोय का ते रोज बघा आणि वाढत असेल तर निरोगी टोकं कापून वेगळी करा.

नवीन प्रवाळ औषधी पाण्यात बुडवण्याची चांगली सवय सगळ्यांना लागली आहे, पण ते पाणी सायमो आणि ट्रॅपेझिया यांच्यात भेद करत नाही. आधी प्रवाळ टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरा, टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने) फांद्यांमध्ये जोरात पाणी मारा आणि बाहेर पडलेला राखणदार कपात वेगळा ठेवा. प्रवाळ बुडवून, दोनदा खळबळून, टाकीत बसवल्यावर पंप बंद करा आणि जाड नळीतून खेकडा थेट फांद्यांमध्ये सोडा. वरून नुसता टाकलात तर वाळूवर पोचायच्या आत एखादा रास किंवा हॉकफिश मासा त्याचा घास करतो.

पोसिलोपोराच्या फांदीची टोकं वळून पिंजऱ्यासारखी गाठ तयार झाली असेल तर आत हॅपॅलोकार्सिनस या खेकड्याची मादी आहे. प्रवाळाला त्याचं विशेष काही वाटत नाही. गाठ फोडू नका.

आता तुमचा रॉकमधला केसाळ. शक्यता तीन. पहिली, क्लोरोडिएला किंवा लेप्टोडियस: कवच चपटं आणि बिनकेसांचं, केस असलेच तर पायांवर, बोटांची टोकं खोलगट. राहू द्या. दुसरी, पिलम्नस: कवचासकट सगळं अंग केसाळ, नांग्या असमान, टोकं अणकुचीदार. याच्या जातींची खोड सारखी नाही. आपल्या किनाऱ्यावरचा पिलम्नस व्हेस्पर्टिलिओ शैवाल खातो, पण झोअँथिडही सोडत नाही. प्रवाळांची टाकी असेल तर काढलेला बरा. तिसरी, एरिफिया: लाल डोळे, एक नांगी दाढेसारख्या दातांची, अंगाने दणकट. गोगलगायी फोडण्यात याचा हात कोणी धरणार नाही. काढायचाच.

तुमचा रॉक ‘लोकल’ म्हणून विकलेला असेल तर एरिफिया, पिलम्नस, थॅलॅमिटा यांची शक्यता वाढते, कारण आपल्या खडकाळ किनाऱ्यावरची ही नेहमीची मंडळी. आयात केलेल्या प्रवाळाच्या बुंध्यातून आला असेल तर क्लोरोडिएला आणि राखणदार जास्त. आणि अमेरिकेत फ्लोरिडाचा रॉक घेणाऱ्यांना हिरवा, चपटा, पांढऱ्या चमचा-टोकांचा मिथ्रॅक्युलस स्कल्प्टस फुकट मिळतो. तो बबल अल्गी (फुग्यांसारखं उपद्रवी शैवाल) खाण्यासाठी लोक पैसे देऊन घेतात. लोकल रॉकबद्दल एवढंच: दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून मालवण असो की हाजीअली, प्रवाळाचा तुकडा चिकटलेला दगड उचलणं हा गुन्हाच आहे.

सावधगिरीची एक गोष्ट. हिरवट-तपकिरी गुळगुळीत पाठीवर फिकट जाळीदार नक्षी आणि काळी बोटं असलेला ॲटरगॅटिस फ्लोरिडस, किंवा खडबडीत उंचवट्यांच्या पाठीवर लाल-तपकिरी डाग असलेला झोझिमस एनियस, हे विषारी खेकडे आहेत. विष मांसात असतं आणि शिजवून जात नाही. हात लावल्याने काही होत नाही, पण काढलेला कोणताही अनोळखी झँथिड चिरडून माशांना खाऊ घालू नका आणि मांजरापुढे टाकू नका.

ओळख पटत नसेल तर त्याला टाकीत टांगायच्या भोकांच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये शैवाल चढलेल्या दगडाच्या तुकड्यासोबत तीन-चार दिवस ठेवा. कोळंबीचा तुकडा देऊन परीक्षा घेऊ नका. कोळंबी प्रत्येक खेकडा खातो आणि त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही नांग्या आलटून पालटून तोंडाकडे जाताहेत आणि दगड साफ होतोय, तर चमचा-नांगीवाल्याचं वागणं ते. शैवालाकडे ढुंकूनही न बघता कोपऱ्यात दबा धरून बसला असेल तर उत्तर मिळालं.

पकडायचं कसं? पहिला उपाय काचेचा ग्लास. दहा-बारा सेंटीमीटर उंच, अरुंद, आतून एकही ओरखडा नसलेला. दिवे जाताना तो खेकड्याच्या भोकाजवळ रॉकला तिरका टेकवा, जेणेकरून रॉकवरून त्याला काठावर येता येईल. तळाशी वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा किंवा तिसऱ्याचा तुकडा, वर छोटा खडा. खेकडा घसरून आत पडतो, गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही. दीड-दोन तासांनी बघा. रात्रभर ठेवलात तर आमिष सडतं आणि ग्लास ब्रिसल वर्म (काटेरी केसांचे किडे) आणि हर्मिट खेकड्यांनी भरतो. त्या संध्याकाळी टाकीला खाणं कमी द्या, नाहीतर पोट भरलेला खेकडा बाहेरच येत नाही.

ग्लासाने जमलं नाही आणि रॉक सुटा असेल, त्यावर प्रवाळ नसेल, तर तो बादलीवर भोक खाली करून दहा मिनिटं धरा. बरेच खेकडे आपणहून पडतात. चिवट असेल तर सिरिंजला एअरलाइनचा तुकडा लावून साधं, बिनचवीचं सोडा वॉटर पाच ते दहा मिलिलिटर भोकात सोडा. गोड्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सहन न होऊन तो बाहेर पडतो. रॉक टाकीच्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खळबळून मगच परत ठेवा. भोकाभोवतीचे स्पंज आणि किडे यात मरतात, ती किंमत धरून चाला. टाकीच्या आत सोडा वॉटर कधीही सोडू नका. प्रवाळ चिकटलेल्या रॉकसाठी ग्लासच. तारेने खुपसणं टाळा, खेकडा आणखी आत सरकतो किंवा आतच मरतो.

घरातलं झुरळांचं औषध रीफ टाकीच्या आसपासही नको. त्याने खेकड्याबरोबर कोळंब्या, कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव, सगळे संधिपाद जातात.

काढलेल्याची सोय? चमचा-नांगीवाल्याला संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतल्या) रिफ्युजियममध्ये, म्हणजे शैवालाच्या सुरक्षित कप्प्यात ठेवा, पाणी वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या तोंडाला जाळी लावून. पोहणारा किंवा एरिफिया असेल तर वेगळी छोटी टाकी, नाहीतर मोठ्या ट्रिगरफिशची टाकी सांभाळणारा कोणी. समुद्रात सोडणं अजिबात नको, गावचा समुद्र जवळ असला तरीही. हिंदी-प्रशांत महासागरातला कॅरिब्डिस हेलेरी अटलांटिकच्या किनाऱ्यांवर पसरला आहे, आणि पर्क्नॉन गिब्बेसी १९९९मध्ये भूमध्य समुद्रात प्रथम नोंदला गेला आणि नंतर त्याच्या मोठ्या भागात दिसू लागला. आयात प्रवाळातून आलेला खेकडा कुठल्या समुद्रातला, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

काढल्यावर पुढचा महिनाभर सकाळी वाळूवर कात शोधत राहा. लहान खेकडे काही आठवड्यांनी कात टाकतातच. कात पुन्हा सापडली तर जुन्या कातीशेजारी ठेवून कवच आणि नांग्या ताडून बघा. ती पोसिलोपोरातल्या राखणदाराची नसेल तर त्या रॉकमध्ये दुसराही आहे, ग्लास परत लावायला लागेल.